अगरबत्ती आणि मुरबाडचं स्थळ

शहापुरात इंटरनेटची दुकानं आली आणि माझ्या नववीच्या वर्गात एकाएकी विद्वानांचं पीक आलं. सापांवरचे प्रकल्प तपासायला घेतले, तर निम्म्यांत छापून आणलेला एकच मजकूर: अमुक अगरबत्ती लावली की साप घरात फिरकत नाही. पुरावा काय, तर "बाई, नेटवर हाय." पानाच्या तळाशी तीच अगरबत्ती विकायला ठेवलेली. माझं डोकंच फिरलं. तानसाच्या जंगलाकडची ही मुलं. उद्या त्या धुराच्या भरवशावर कोणी जमिनीवर निजलं तर?

ओरडून उपयोग नव्हता. मी विचारलं, "एखादं स्थळ आलं आणि मुलगा चांगला आहे, असं त्याची आईच सांगत असेल तर?"

"आयला कोन इचारतं, बाई? शेजारनीला इचारायचं," एक मुलगी म्हणाली.

"नि दोन येगळ्या घरांत. एका घरातली सगली सारकंच बोलतात," तिच्या मैत्रिणीने भर घातली.

"मग या पानाचीही तश्शीच चौकशी करा."

त्यांनी केली. लिहिलंय कोणी, त्याचा त्यात फायदा काय, दुसरीकडे काय म्हणतात. आठवड्याभरात अगरबत्ती विझली.

त्याच सुमारास माझं लग्न जमत होतं, आणि ही बातमी वर्गापर्यंतही पोचली होती. मुरबाडचा मुलगा, कारखान्यात कायम नोकरी, असं मध्यस्थ सांगत होते. आधीचं एक स्थळ थापांपायी मोडलेलं, त्यामुळे मी ताकही फुंकून पीत होते.

एका दुपारी त्याच दोघी स्टाफरूमच्या दारात उभ्या.

"बाई, आमी चौकशी केली. माजा मामा त्याच कारखान्यात हाय, नि हिची मावशी त्यांच्या आळीत. नोकरी कायम नाय."

त्यांना वर्गात पिटाळलं खरं, पण मन खट्टू झालं. रविवारी पाहुणे आले तेव्हा नकार अगदी ओठांवर होता. मध्यस्थांनी 'कायम नोकरी'चं पालुपद पुन्हा सुरू केलं, तसा मुलगाच मध्ये बोलला.

"कायम नाही हो. वर्षाच्या करारावर आहे. पुढे ठेवतील की नाही, मलाही ठाऊक नाही."

मध्यस्थांनी डोळे वटारले. मला मात्र इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले.

सोमवारी वर्गात म्हटलं, "आणखी एक लिहून घ्या. जो आपल्या तोट्याचंही आपणहून सांगतो, त्याचं पुढचं ऐकून घ्यावं."

कोणीच पेन उचललं नाही.

"म्हंजे हो बोल्लात का, बाई?"