चढ्या बोलला का?

आमच्या संसारात मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला शब्द म्हणजे "शू!" लग्नानंतर यांनी मला पहिल्यांदा फिरायला नेलं ते गावाबाहेरच्या वनात. मी नवी नवरी, हौसेनं काहीतरी सांगायला लागले, तर हे ओठांवर बोट ठेवून म्हणतात, "शू! ऐकू दे." मला वाटलं, चोरबीर आला. कसलं काय, वर झाडात एक पक्षी बोलत होता.

हे मोटारी दुरुस्त करतात. गॅरेजात यांना सगळे कानसेन म्हणतात. गाडी फाटकातून आत येईपर्यंत नुसत्या घरघरीवरून हे सांगून मोकळे, की अमुक बिघडलंय. बॉनेट मग सावकाश उघडायचं. आणि सुट्टीच्या दिवशी तेच कान घेऊन वनात. तिथल्या एका पक्ष्यापायी माणूस पार वेडा झालेला. पुस्तकात त्याचं नाव भलंमोठं आहे. आमच्या घरात तो 'चढ्या'.

चढ्याची सगळी कुंडली मला, नको असताना, पाठ आहे. चिमणीहून लहान, रंग झाडाच्या सालीचा. बुंध्याशी उतरतो आणि खोडाला फेऱ्या मारत उंदरासारखा वर सरकत जातो. ताठ शेपटी खोडाला टेकवायची, वाकड्या चोचीनं भेगांतले किडे, कोळी उकरायचे, की चालला वर. डोकं खाली करून उतरणं त्याला जमतच नाही. वर पोचला की भुर्रकन पुढच्या झाडाच्या बुंध्याशी, आणि पुन्हा पहिल्यापासून. "म्हणजे माझ्या भांडी घासण्यासारखंच," मी एकदा म्हटलं. "शू," हे म्हणाले. आणि घरटं? म्हाताऱ्या झाडाची साल सुटून पोपडा धरते ना, त्याच्या मागच्या फटीत. तरणी, गुळगुळीत झाडं त्याच्या काय कामाची!

सगळा घोळ या म्हाताऱ्या झाडांचाच. फांद्या कोसळतात, लोकांना धोका, म्हणून उद्यान कचेरीला तो सगळा पट्टा तोडायचा होता. दरवर्षी घरट्यांच्या दिवसांत हे पहाटे जाऊन चढ्यांचे आवाज टिपायचे आणि कचेरीतल्या साहेबबाईंना सांगायचे, "आहेत." मग झाडं वाचायची. डोळ्यांनी शोधणं कठीण, कारण साल कुठली आणि पक्षी कुठला तेच कळत नाही. सगळा भरवसा यांच्या कानांवर.

यंदा मात्र हे वनातून आले आणि बूट न काढताच खुर्चीत बसले. "नाही बोलला," म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, पुन्हा तेच. मग घरात जे काही सुरू झालं, देवा रे! फवारणी करणाऱ्यांना शिव्या, कुत्री फिरवणाऱ्यांना शिव्या, आणि ते सगळे संपल्यावर मी. पंखा का लावलास, मिक्सर आत्ताच का लावतेस!

"चढ्या माझ्या मिक्सरला घाबरून पळाला का?" मी म्हटलं.

"थट्टा सुचतेय तुला! परवा कचेरीत त्या झाडांची बैठक आहे. काय सांगू तिथे? नाहीत तर नाहीत. खोटं बोलू?"

आणि जेवण अर्धवट टाकून उठले. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "उद्या मी येते तुमच्याबरोबर. बघतेच काय आहे ते."

"तू? गप्प बसशील?"

"तोंडाला कुलूप."

उजाडता उजाडता आम्ही त्या झाडांखाली उभे. हे डोळे मिटून, कानामागे हात धरून. माझ्या हातात थर्मास. जरा वेळानं डावीकडून एक आवाज आला. सी, सी, सी. बारीक, काचेवर सुई ओढावी तसा, आणि शेवटी छोटीशी गिरकी. मला वाटलं, किडा असेल. मग उजवीकडूनही तसाच. यांचा चेहरा मात्र ढिम्म. कुलूप लावलं होतं म्हणून मी आपली मूग गिळून गप्प.

"बघितलंस?" हे शेवटी म्हणाले. "शुकशुकाट. संपलं सगळं."

"मग हे सी-सी काय वाजतंय मघापासून?"

"कुठे?"

"आत्ता! हे काय, परत!"

"तुझे कान वाजतायत. उगाच बोलू नकोस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी थर्मास खाली आपटला, यांची हनुवटी धरली आणि तोंड त्या खोडाकडे वळवलं. होता तिथे चढ्या! सुटलेल्या सालीला चिकटून बसलेला, चोच उघडी, गळा थरथरतोय.

हे बघत राहिले. मग अगदी हळू विचारलं, "आत्ता गातोय?"

"हो."

"आत्ताही?"

"हो ना!"

चोच मिटली. "थांबला?"

"थांबला," मी म्हटलं. माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. हे झाडाच्या मुळावर बसले आणि टोपी गुडघ्यावर आपटत राहिले. "जाड आवाज राहिलेत गं," म्हणाले. "बारीक तेवढे गेले. इंजिनाच्या घरघरीत कळलंच नाही मला. आणि मी साऱ्या जगावर ओरडत सुटलो."

वाटेत मी म्हटलं, "अहो, मग सांगा की 'आहेत' म्हणून. कानांचं कुणाला कशाला कळायला हवं? तुमच्या गॅरेजचे मालकही उद्यान समितीवर आहेत, ते असतील तिथे." हे भराभर पुढे चालायला लागले.

बैठकीत साहेबबाईंनी विचारलं, "काय कानसेन, ऐकलेत का तुमचे ते चढ्ये?"

"नाही ऐकले," हे म्हणाले. मी कपाळावर हात मारला. "पण आहेत. पक्षी गेले नाहीत बाई, माझे कान गेलेत. हिनं ऐकलेत. यापुढे हिलाच विचारत जा."

मालक खाली बघायला लागले. साहेबबाई माझ्याकडे वळल्या, "तुम्हाला ओळखता येतो हा पक्षी?" आणि मी सुरू झाले. शेपटी, चोच, फेऱ्या, सालीमागचं घरटं, सी-सी आणि गिरकी, काही म्हणून सोडलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा यांच्यासमोर मी एवढं बोलले आणि हे मध्ये "शू" म्हणाले नाहीत.

झाडं राहिली. पण गॅरेजात आता गाडी आली की मालक आधी बॉनेट उघडायला लावतात. घरघर यांना अजून चोख कळते, तरीही. यांना ते फार लागतं. मलाही लागतं, आणि मालकांना चार शब्द सुनवावेत असं रोज वाटतं.

वनात अजून जातो आम्ही. थर्मास आता यांच्या हातात. काल मी डोळे मिटून उभी होते, लांबून कुठूनतरी बारीकसं काहीतरी यायला लागलं होतं, तेवढ्यात बाजूनं, "बोलला का? अगं, बोलला का?"

"शू!" मी म्हटलं. "ऐकू द्या."