धायरी ते कोथरूड, पेट्रोलशिवाय

माघातल्या एका मंगळवारी माझे पती वारले. त्या दिवसापर्यंत ते मला कारने शाळेत सोडत आणि तिथून ऑफिसला जात.

पुढे धायरी ते कोथरूड मी एकटीच कार नेऊ लागले. कोथरूडच्या एका शाळेच्या ग्रंथालयात मी अर्धवेळ काम करते. पेट्रोल पुन्हा महागलं तेव्हा दीर म्हणाले, "वहिनी, पगार तुम्ही पंपावरच देऊन येता. सोडा आता नोकरी." त्यांचं चुकत नव्हतं. पण दिवसभर त्या घरात बसायचं या विचारानेच मी घाबरून जाई. बसने जायचं तर मध्ये बस बदलायची, आणि सीएनजीच्या रांगेला सकाळी वेळ कुठला? शेवटी खालच्या मजल्यावरच्या शबानाताईंनी त्यांच्या विजेवरच्या स्कूटरची किल्ली माझ्या हातात ठेवली.

"अहो, एक दिवस जाऊन या. जमलं तर तुम्हीही अशीच घ्या. नाही जमलं तर शिव्या मला द्या."

सोमवारी सकाळी निघाले. कॉलेजात मोपेड चालवली होती, तेवढाच आधार. स्कूटरला आवाजच नाही, त्यामुळे ती सुरू झाल्याचं कळेना. मूठ जरा पिळली, तर थेट कुंड्यांपर्यंत गेली.

"जिवंत आहे ती!" शबानाताई खिडकीतून ओरडल्या.

धायरी फाट्यावर (गावाचा रस्ता सिंहगड रस्त्याला मिळतो तिथे) नेहमीची कोंडी होती. स्कूटर कडेकडेने निघून गेली. पुढे बायपासवर ट्रकांच्या वाऱ्याने हात आखडले. चार्जिंग परत येईपर्यंत पुरेल का, म्हणून मी सारखी काट्याकडे बघत होते.

वारज्यात आले आणि सरळ पेट्रोल पंपाच्या रांगेत शिरले. सोमवारी टाकी भरायची ही यांची सवय, ती मलाही लागली होती. माझा नंबर आला. पंपावरच्या बाई नळी हातात धरून स्कूटरभोवती फिरल्या.

"काकू, कुठं ओतू? डोक्यावर?"

मागचे गृहस्थ म्हणाले, "इथे तीर्थ वाटत नाहीत. पुढे चला."

मला हसू आलं. कितीतरी महिन्यांनी, आणि तेही भर रांगेत. बाईही हसल्या. "हवा तरी भरून जा. ती अजून फुकट आहे."

हवा भरून घेतली. शेजारच्या टपरीवर पोहे घेतले, त्यावर सॅम्पल (मिसळीचा रस्सा) ओतून. तिखटाने डोळ्यांत पाणी आलं, ते पुसायची घाई केली नाही. शाळेत वेळेवर पोचले.

संध्याकाळी परतताना नदीवरच्या पुलावर गार वारा लागला. कुठेतरी कणसं भाजत होती. इतके दिवस काचा वर करून याच रस्त्याने गेले होते. वाटेत दोनदा मी काटा पाहिला, मग पाहणं सोडून दिलं.

दारात शबानाताई उभ्या होत्या. "काय उरलं?"

"निम्म्याहून जास्त."

"मग शिव्या नाहीत?"

"नाहीत."

त्याच संध्याकाळी दिरांना फोन करून नोकरी सोडत नसल्याचं सांगितलं. ते म्हणाले, "हेल्मेट चांगलं घ्या."

नंतर कार विकून स्कूटर घेतली. हे नाहीत. नोकरी आहे, आणि तिथवर रोज जाणं मला परवडतं.