ताट कुठं लावायचं?

"ऊठ, ऊठ. हितं पुरुष बसल्यात."

मालकाचा धाकटा भाऊ सगळ्या पंगतीदेखत ओरडला. सोलापुरातल्या त्यांच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत. ताटं वाढलेली. मी उठलो. लोक हसले.

शाळेच्या गणवेशांना कॉलर लावायचं काम मी त्यांच्या कारखान्यात करते. मशीनवरच्या बायका मला 'अगं' म्हणतात, कटिंगची पोरं 'अरे'. मला दोन्ही चालतं. चालतं काय, दोन्ही लागतं. तो म्हणा, ती म्हणा, दोन्ही मीच. कामावर हे सरळ सांगून टाकलं होतं. तेच अंगाशी आलं.

बायकांच्या पंगतीकडं गेले. मालकीणबाई आडव्या आल्या.

"आधी ठरव, बाई का बुवा. एक काय ते सांग, मग ताट लावते."

"दोन्ही," मी म्हणाले.

"दोन्हीची पंगत न्हाय हितं."

पायरीखाली, चपलांच्या ढिगाशेजारी त्यांनी पत्रावळ ठेवायला लावली. ठेवायला आली माझी आई. शेंगापोळ्या लाटायला मैंदर्गीहून तिला मीच बोलावलं होतं.

हीच आई. शेरडं राखून दमून आलो की "माझा वाघ आला" म्हणायची. डोक्याला तेल लावताना "माझी बाय गं ती." दोन्ही हाका कानावर पडल्या की पोट भरल्यासारखं व्हायचं. एकाच हाकेत माझं निम्मं माणूस दाराबाहेर राहतं. लोक म्हणतात, हौस आहे. हौसेला मोल नसतं म्हणे. मी तर रोज मोजतेय.

आई खाली बघतच म्हणाली, "एकच सांगायचं हुतं की. पोट तरी भरलं असतं."

मालकीणबाईपेक्षा हे जास्त लागलं. पण तिला काय बोलू? जन्मभर लोकांनी दाखवलेल्या जागी बसून जेवलीय ती.

पत्रावळीवर तिच्याच हातची पोळी, तूप सोडलेली. भूक लई लागली होती. मी पत्रावळ उचलली आणि मालकीणबाईंपुढं नेऊन ठेवली.

"चपलांजवळ मी जेवत नाही. आणि एक सांगणार नाही."

आईकडं बघितलं. वाटलं, येईल माझ्याबरोबर. ती वाढायला आत गेली.

फाटकाबाहेर एकटाच आलो. घरापर्यंत रडत चालले.

पूर्वी तिचा फोन आला की कधी "जेवलास का?" असायचं, कधी "जेवलीस का?" आता म्हणते, "जेवण झालं का?" दोन्ही हाका तिनं टाकून दिल्या. त्या दिवशीचं सगळ्यात मोठं नुकसान हेच. अजून भरून आलेलं नाही.

वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवशी कामावर मालकाच्या भावानं विचारलं, "मग, ठरलं का?"

"ठरलंय," मी म्हणालो. "दोन्ही."

माझ्यातलं एक टाकून पंगतीत जागा मिळणार असेल, तर मी उभा राहीन. उभी राहीन. निम्मं होऊन बसणार नाही.