पाण्यासाठी वर केलेला हात

साहेबांनी भिंतीवरच्या मोठ्या फोटोवर छडी ठेवली. फोटोत मी होते. हात वर. मागं सगळी बौद्धवस्ती, सगळ्यांचे हात वर.

"ही बघा गावाची संमती," कंपनीचे साहेब कलेक्टर कचेरीतल्या अधिकाऱ्यांना म्हणाले.

मी लातूरच्या त्या बैठकीत दाराशी उभी होते. खुर्च्या गावातल्या बागायतदारांना मिळाल्या होत्या.

लातूर जिल्हा नवा होता. दुष्काळ मात्र जुनाच. आमच्या गावामागच्या डोंगरातला काळा दगड ही कंपनी परदेशात पाठवायची. एक खाण होतीच. आता अख्खा डोंगर पाहिजे होता. त्याच्या उतारावरच्या गायरानात आम्ही ज्वारी पेरायचो. तेवढीच आमची भुई.

फोटो कधीचा ते मी लगेच ओळखलं. उन्हाळ्यात कंपनीचा टँकर वस्तीत आला होता. सोबत माझा चुलतभाऊ, दादा. वस्तीतला पहिला मॅट्रिक. मला पाटीवर अक्षरं त्यानंच गिरवायला लावली. पुढं कंपनीत लागला. टँकरवर चढून तो म्हणाला होता, "ज्याला पाणी पाहिजे त्यानं हात वर करा." कोण करणार नाही? लेकरांनीही केले. फोटोवाला कशाला आणलाय, असं कुणी विचारलं नाही. दादा आपला होता ना.

मी आत गेले. म्हणाले, "साहेब, ह्यो हात पाण्यासाठी हाय. डोंगरासाठी न्हाई."

साहेब हसले. "पाणी पिलीस ना? मग आता कशाला बोलतीस?"

खुर्चीवरचेही हसले. मी साहेबांमागं उभ्या दादाकडं पाहिलं. वाटलं, हा तरी खरं सांगेल. तो खाली बघत म्हणाला, "गप बस. तुला काय कळतं यातलं?"

साहेबाचं हसणं मी विसरले असते. तो परका. दादानं मात्र केसानं गळा कापला. अजून आठवलं की अंगाची आग होते.

गावात येऊन वस्तीला सगळं सांगितलं. टँकर पुन्हा आला तेव्हा एकही घागर पुढं गेली नाही. आम्ही बायकांनी ओढ्याच्या वाळूत झिरे खणले. गढूळ पाणी फडक्यानं गाळून प्यालो.

दादा समजूत घालायला आला. तुलाही कंपनीत लावतो म्हणाला. मी त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवलं.

"भुई आमची हाय. मोजायला आलास तर आधी मला उचलावं लागंल."

मोजणीवाले आले. मी गायरानात त्यांच्या वाटेत बसले. पोलीस आले. मी उठले नाही. उठणार नाही.