गादीतली हवा

मुलांनो, तुम्ही सोलापुरात ठेवून गेलेली कॅम्पिंगची हवेची गादी संध्याकाळी फुगवावी, तर सकाळी चपटी. दिवाळीत आल्यावर तुम्ही गच्चीवर तिच्यावरच झोपायचा हट्ट धरणार! शेवटी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेली.

त्याचं घमेलं लहान, गादी मोठी. एकेक वीत पाण्यात दाबायचा आणि डोळे बारीक करून नुसता बघत बसायचा. मी साबणाचं पाणी, खडूच्या खुणा, सगळी पद्धत समजावली. त्याने मान हलवली आणि पुन्हा पाण्यातच बघितलं. तासाभराने माझा संयम संपला. "अहो, जरा भरभर हात चालवा ना!"

"आजी, हवाच सावकाश चाललीय. तिच्याम्होरं पळून भोक कसं घावंल?"

तेवढ्यात कडेला बारीकसा बुडबुडा आला. तिथेच तुमच्या नावांची कापडी पट्टी होती. ती उसवून तो म्हणाला, "एक टाका आत गेलाय की. कुणी शिवलं ओ हे? लई शाणं दिसतंय."

"घरातलंच कुणीतरी," मी म्हणाले.

"मग त्यास्नी सुई देत जाऊ नका," म्हणत त्याने ठिगळ चिकटवलं.

गादी आता टणक राहते. तुमची नावं या वेळी मी पेनाने लिहिली आहेत.