ताईच्या आवाजासाठी लॅपटॉप

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, लॅपटॉप बघायला निघाले की दुकानदारांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. बाजारात त्यांचं नावच पडलं होतं, पंचनामा. "पंचनामा आले," असं एकजण दुसऱ्याला सांगायचा आणि दोघंही एकदम कामात बुडून जायचे. भाऊजींची नोकरी वाचनालयातली, बोलणं मवाळ. पण कॉम्प्युटरचा विषय निघाला की हा माणूस कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही.

त्याला कारण लिनक्स. कॉम्प्युटर चालवणारी ही प्रणाली सगळ्यांना खुली. आतलं उघडून बघा, हवं ते बदला, कुणी अडवत नाही. पण प्रत्येक यंत्राचं तिच्याशी जमेलच असं नसतं. खोक्यावर मॉडेल तेच, नंबरही तोच, आणि आत कंपनीने गुपचूप दुसरीच चिप बसवलेली. मग कधी वायफाय रुसतं, तर कधी झाकण मिटून उघडलं की पडदा काळा तो काळाच. म्हणून भाऊजी लिनक्स भरलेला पेनड्राइव्ह खिशात घेऊन फिरायचे. दुकानातल्या लॅपटॉपला तो लावायचे, पडदा, कळा, वायफाय, झाकण असं एकेक तपासायचे आणि शेवटी इअरफोन लावून आवाज. परक्याच्या दुकानात मोठ्याने काही वाजवू नये, ही त्यांची रीत. मी म्हणायची, "भाऊजी, सगळं जग वापरतं ते घ्या आणि मोकळे व्हा." ते नुसते हसायचे.

ताईला गळ्याचा कॅन्सर झाला आणि ते हसणं गेलं. स्वरयंत्र काढायचं ठरलं. ऑपरेशनआधी भाऊजी तिला रोज समोर बसवून वाक्यांवर वाक्यं वाचायला लावत आणि ती ध्वनिमुद्रित करत. बिचारीचा गळा ठणकायचा, तरी वाचायची. पुढे त्यातूनच त्यांनी तिचा आवाज उभा केला. ताईने टाईप करायचं आणि लॅपटॉपने तिच्या आवाजात बोलायचं. हे सगळं लिनक्सवर बांधलेलं, दुसरीकडे चालायचं नाही. तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

आईला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. ती दुसऱ्या गावी, माझ्याकडे असायची. दिसणं जवळजवळ गेलेलं, हृदय तोळामासा. तिला हे सोसणार नाही, असं आम्हीच ठरवून टाकलं. ताई फोनजवळ लॅपटॉप ठेवून तिच्याशी बोलायची. "सर्दी झालीय का गं?" आई विचारायची. "थोडीशी," लॅपटॉप म्हणायचा.

मग नेमका तो लॅपटॉप जळाला आणि त्याच आठवड्यात आईला दवाखान्यात ठेवावं लागलं. भेटून घ्या, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. आईचा एकच घोशा, "थोरली फोन का करत नाही? रागावलीय का?" तिला काय सांगू? मी भाऊजींवरच उखडले.

"मिळेल तो लॅपटॉप घ्या आणि निघा. तुमची तत्त्वं राहू द्यात."

"तत्त्व कसलं गं," ते थकून म्हणाले. "दुसऱ्यावर तिचा आवाज निघत नाही."

दुकानं पालथी घातल्यावर एक लॅपटॉप सापडला. सगळं तपासून झालं. पेनड्राइव्हवर जपून ठेवलेला ताईचा आवाज इअरफोनमध्ये ऐकला आणि दोघं तसेच गाडीत बसले.

दवाखान्यात ताई आईला खेटून बसली. भाऊजींनी लॅपटॉप उशाजवळ धरला. ताईने टाईप केलं, अक्षरं उमटली. आवाज आला नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. भाऊजींनी इअरफोन लावून बघितले. इअरफोनला आवाज जात होता, पण लॅपटॉपच्या स्वतःच्या स्पीकरची चिप लिनक्सला ओळखीची नव्हती. दुकानात स्पीकर तेवढा त्यांनी वाजवून बघितला नव्हता.

"कोण आलंय?" आईने विचारलं.

"थोरली आलीय," मी म्हणाले.

"मग बोलत का नाही?"

इअरफोन भाऊजींच्या हातात होते. पण ते आईच्या कानात घातले की आमचं सोंग उघडं पडणार. शेवटी ताईनेच इअरफोन घेतले आणि आईच्या कानात घातले.

"हे काय घातलंस?" आई म्हणाली. मग ऐकायला लागली. पडद्यावरचं मला दिसत होतं. आई, मी आलेय. माझा गळा कापलाय, आवाज गेलाय. हा यांनी कॉम्प्युटरवर केलाय. तुझ्यापासून लपवलं.

आईचा हात चाचपडत ताईच्या गळ्यापाशी गेला आणि श्वासासाठी ठेवलेल्या छिद्रावरच्या रुमालावर थांबला.

"काहीतरी झालंय हे मला पहिल्याच फोनला कळलं होतं," ती म्हणाली. "बोल बोल बोलतेस, पण मध्ये श्वास म्हणून घेत नाहीस. लहानपणापासून तुझं बोलणं ऐकतेय मी. म्हटलं, सांगावंसं वाटेल तेव्हा सांगेल."

माझ्या डोळ्यांना धार लागली. भाऊजी कसेबसे म्हणाले, "आई, चूक माझी. स्पीकर बघायचा राहिला." तिला त्यातलं काय कळलं कोण जाणे.

"आवाज तुम्ही केलात ना, जावईबापू? छान केलात. तिला म्हणावं, सावकाश बोल. मध्ये श्वास घे."

ताई एकेक शब्द टाईप करायला लागली. एक शब्द झाला की थांबायची, गळ्यातून श्वास घ्यायची, मग पुढचा शब्द. आई डोळे मिटून ऐकत होती.