बारीक टायर

माझी जीप बघून लोक आधी विचारतात, 'साहेबांची का?' आमच्या साहेबांना स्कूटरपलीकडे काही चालवता येत नाही आणि त्याचं त्यांना काही वाटतही नाही. जीप माझी आहे. जुनी, फोर-बाय-फोर, दार दोनदा आपटल्याशिवाय न लागणारी. अष्टमी गावात राहायचं आणि पूल ओलांडून रोह्यात शाळेत शिकवायचं, एवढ्यासाठी असली गाडी कशाला, हे मला इतक्यांनी विचारलंय की आता मी उत्तर देत नाही, हॉर्न देते.

गेल्या हिवाळ्यात मात्र तिचं खरं काम निघालं.

माझं माहेर रोह्याहून आत, डोंगराच्या पायथ्याला. आमच्याकडे भात निघालं की जमिनीत ओल आहे तोवर वाल पेरतात, आणि पेरणीची पहिली मूठ घरचा कर्ता टाकतो. मला कळायला लागल्यापासून ती मूठ बाबांची. पावसाळ्यात बाबा पडवीच्या पायरीवरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडून बसले. ऑपरेशननंतर काठी टेकत अंगणापर्यंत यायला लागले, पण शेत ओढ्यापलीकडे. त्यात पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळलेला. वाट म्हणजे नुसती चिखलाची राड.

'यंदा मूठ मी टाकतो,' धाकटा भाऊ म्हणाला. जेवता जेवता, मीठ मागावं तसं.

बाबा ताटातला भात चिवडत राहिले. मला भावापेक्षा बाबांच्या गप्प बसण्याचाच राग आला. एकदा मूठ गेली की हळूहळू सगळंच जातं. मग माणसाला कुणी काही विचारत नाही, गोळ्या घेतल्या का एवढंच विचारतात.

'मूठ बाबाच टाकतील,' मी म्हणाले. 'मी नेते त्यांना.'

'कशातून? पालखीतून?'

'जीपमधून.'

'ताई, परवा तिथं ट्रॅक्टर रुतलाय. तुझा तो खटारा काय जाणार हाय?'

खटारा म्हणाला ते मला लागलं, पण टायर गुळगुळीत झाले होते हेही खरं. रविवारी मी तडक वडखळ गाठलं. नाक्याच्या अलीकडे टायरचं एक मोठं दुकान आहे. दुकानदारानं आधी माझ्या पाठीमागे नजर टाकली. 'साहेब येतायत का मागून?'

'साहेब घरी भाजी चिरतायत. मला दाखवा.'

त्यानं काळ्या चकचकीत रिमवर चढवलेले रुंद टायर दाखवले. 'चिखलाला हेच, ताई. जेवढा रुंद तेवढी पकड.' बसवले तर चाकं गाडीच्या अंगाबाहेर आली आणि गाडी एकदम रुबाबदार दिसायला लागली. मी भुलले. दिसण्याला कोण भुलत नाही?

बाबांना नेण्याआधी मी एकटीच वाट बघून यायला गेले. पहिल्याच खाचरात गाडी आडवी घसरली आणि बांधाला टेकून बसली. चाकं जागच्या जागी गरगरली. ती बाहेर आलेली, त्यामुळे उडालेला चिखल थेट टपावर. भावानं शेजारचा ट्रॅक्टर आणला, दोर बांधला आणि मला ओढून काढलं. बघायला सगळी आळी जमली होती. 'बाईमाणसानं कशाला असले उद्योग करायचे,' कुणीतरी मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणालं.

'आता तरी बास कर,' भाऊ म्हणाला.

मी त्याच्याकडे बघत नव्हते, चाकोरीकडे बघत होते. चिखल सारवल्यासारखा सपाट झाला होता. खालची जमीन कुठंच उघडी पडली नव्हती. मी शाळामास्तरीण असले तरी चिखलणीत वाढलेय. खाचरात पाय टाकला की आधी तो खोल जातो, मग खाली घट्ट तळ लागतो आणि तिथं पाऊल टेकतं. हे रुंद टायर तळापर्यंत पोचतच नव्हते, वरच्यावर पोहत होते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पुन्हा वडखळ. 'हे काढा. उंच आणि बारीक द्या, खोल नक्षीचे. साध्या लोखंडी रिमवर.'

'बारीक टायर गाडीला शोभत नाय, ताई. लोक हसतील.'

'लोक हसून झालेत.'

चाकं चढली. मी स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघितलं, तर डावीकडे टायर मडगार्डला घासत होता. 'एवढं चालतंय,' दुकानदार म्हणाला. 'नाय चालत,' मी म्हणाले आणि स्टूल ओढून बसले. शेवटी त्याच्या माणसानं बोल्ट फिरवून चाकाचं वळणं थोडं कमी केलं. निघण्याआधी मी पान्यावर पाय देऊन एकेक नट तपासला. जाड्या माणसाला काडीसारखे पाय असावेत तशी गाडी दिसत होती. मला ती फार आवडली.

पेरणीच्या सकाळी भाऊ टोपली घेऊन बांधाबांधानं पायीच निघाला. मी बाबांना पुढच्या सीटवर उशी घालून बसवलं. त्यांनी मूठभर वाल धोतराच्या सोग्यात बांधून घेतले होते. ओढा उतरलो, चढलो, आणि खाचरात चाकं खाली जायला लागली. माझा पाय ब्रेककडे गेला.

'थांबू नको गो,' बाबा म्हणाले.

नाही थांबले. चाकं अजून खाली गेली, मग हाताला स्टिअरिंगमधून एक ठोका जाणवला. तळ लागला होता. तिथून गाडी बैलासारखी सावकाश ओढत निघाली.

शेतात बाबा खाली उतरले नाहीत. दार उघडून पाय बाहेर सोडून बसले, जमिनीला हात जोडले आणि मूठ टाकली. बी चाकाजवळच पडलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

तेवढ्यात भाऊ पोचला, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला. बाबांनी त्याच्या टोपलीतून मूठभर वाल घेतले आणि माझ्यापुढे धरले. 'धर गो.'

आमच्याकडे लग्न झालेल्या मुलीला माहेरचे वाल मिळतात, थंडीत मडक्यात वालाच्या शेंगा भाजतात त्या पोपटीचं बोलावणं येतं. शेतात मूठ टाकायला कुणी बोलावत नाही.

'बाबा, ती कशी टाकेल?' भाऊ म्हणाला. 'ती दुसऱ्या घरची.'

बाबांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. 'मला इथं आणलंन कोणी?'

भाऊ पुढे आला. मग त्यानं टोपली माझ्या पायाशी ठेवली. मी चपला काढल्या, शेताच्या मध्यापर्यंत चालत गेले आणि हात लांबवून मूठ टाकली.